फॉरमॅट मारायच्या आधी

बुधवारी नाहीतर गुरुवारी सकाळी दहाच्या आत फोन वाजला, की विषय काय असणार हे मला निम्म्या वेळा आधीच कळलेलं असतं. "सर, कॉम्प्युटर रात्री चांगला होता की ओ. सकाळपासून चालूच होईना." बंद करताना काही विचारलं होतं का, असं मी विचारतो. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, "अपडेट-अपडेट काहीतरी म्हणत होता. मी हो म्हटलं."

वार ठरलेला असतो, त्याला कारण आहे. विंडोजचं महिन्याचं सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजलेले असताना. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा होतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. बुधवारी दिवसभर कॉम्प्युटर ते मुकाट्यानं उतरवून घेतो, रात्री दुकान बंद करताना बसवतो, आणि सकाळी गणपत गल्लीत शटर वर जायला लागली की कुठंतरी एखादा उठत नाही.

यावर आपल्या भागात एकच औषध सांगतात: फॉरमॅट मारा, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं बसवा. सांगणारा भाचा असो, शेजारचा मोबाईलवाला असो की दुरुस्तीचं दुकान. फॉरमॅट हा उपाय चुकीचा नाही, पण तो शेवटचा आहे. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडं तो जरा जास्तच महागात पडतो. कारण इथल्या डीटीपीच्या दुकानात एकाच यंत्रावर मराठी लग्नपत्रिका श्रीलिपीत आणि कन्नड अर्ज नुडीत, अशा दोन टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत बसलेले असतात. यातल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. फायलीत 'श्री गणेशाय नमः' आहे हे आपल्याला दिसतं ते फक्त त्या फॉन्टमुळं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचे नंबर आहेत. फॉन्ट गेला की पंधरा वर्षांच्या पत्रिका उघडतात खऱ्या, पण वाचायला नुसता भुसा. फॉन्ट असतो विंडोजच्या फोल्डरात, विंडोज असतं सी ड्राइव्हमध्ये, आणि फॉरमॅट मारतात ते सी ड्राइव्हच.

"सीच मारतोय, तुमचं सगळं डीमध्ये सुरक्षित आहे" हे वाक्य मीही एकदा मेहुण्याला ऐकवलंय. त्याच्या पोरीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप सीमध्ये असतो. हे मला त्या दिवशी समजलं आणि त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ऐकायला मिळालं.

पतसंस्था उघडते कशी

कॉम्प्युटर चालू होणं म्हणजे पतसंस्थेची शाखा सकाळी उघडण्यासारखं आहे. सगळ्यांत आधी येतो शिपाई. दिवे लागतात का, पंखा फिरतो का, कुलूप जागेवर आहे का, एवढंच तो बघतो. हा शिपाई म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला छोटा प्रोग्राम. जुने लोक त्याला बायोस म्हणतात, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत त्याचं नाव यूईएफआय. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तो तपासतो आणि कंपनीचा लोगो दाखवतो.

मग तो चिठ्ठी बघतो, आज किल्ली कुणाकडं? किल्लीवाला म्हणजे बूट मॅनेजर, डिस्कच्या एका लहानशा, एरवी आपल्याला न दिसणाऱ्या कप्प्यात राहणारा. तो दार उघडून मॅनेजरला आत घेतो. मॅनेजर म्हणजे विंडोजचा गाभा, कर्नल. त्याच्या पाठोपाठ कारकून आणि कॅशियर येऊन आपापल्या खुर्चीत बसतात, हे ड्रायव्हर. एक डिस्कशी बोलतो, एक स्क्रीनशी, एक प्रिंटरशी. सगळे बसले की काउंटरची खिडकी उघडते, म्हणजे तुमच्यासमोर पासवर्डची चौकट येते.

अपडेट म्हणजे रात्रीत यातली माणसं आणि कुलपं बदलणं. गिऱ्हाईक समोर उभं असताना कॅशियरची खुर्ची ओढून घेता येत नाही, तसं चालू विंडोजला वापरातल्या फायली बदलता येत नाहीत. म्हणून नव्या फायली बाजूला रचून ठेवल्या जातात आणि रिस्टार्टच्या वेळी अदलाबदल होते. स्क्रीनवर टक्के वाढत असतात तेव्हा हेच चाललेलं असतं. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं नेमकी तेव्हाच लाईट गेली, तर निम्मा स्टाफ जुना आणि निम्मा नवा अशी अवस्था होते. तसं झालं तर विंडोज पुढच्या वेळी बहुतेकदा स्वतःच सगळं उलटं फिरवून जुन्या जागेवर येतं. 'बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश तोच. त्या वेळी घाबरून परत बटण दाबलं की मात्र नीट लागत आलेलं घर पुन्हा विस्कटतं.

आता या गोष्टीत खातेदारांच्या ठेवींचं कपाट, म्हणजे तुमच्या फायली, कुठंच आलं नाही, हे लक्षात घ्या. किल्लीवाला आला नाही म्हणून शाखा उघडली नाही, तर ठेवी बुडाल्या असं कुणी म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र म्हणतात, आणि तिथंच फॉरमॅटचा निर्णय होतो.

अपडेटवर खोटा आळ

थोडं थांबून एक वेगळी गोष्ट सांगतो, कारण ही दुरुस्तीवाल्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते. विंडोज ८ पासून आपण 'शट डाउन' करतो तेव्हा कॉम्प्युटर सहसा पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे; तिच्यामुळं कर्नल आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे मॅनेजर रात्री घरी जातच नाही, खुर्चीतच डुलकी काढतो. खरी नव्यानं सुरुवात होते ती फक्त 'रिस्टार्ट' केल्यावर.

रोज शट डाउन करणारं यंत्र म्हणून महिनामहिना एकदाही पहिल्यापासून उठलेलं नसतं. मधल्या काळात कुणी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, दुसरा अँटिव्हायरस घातला, डिस्कचा एखादा भाग खराब झाला, तरी काही कळत नाही. अपडेट येतं, सक्तीनं रिस्टार्ट करतं, आणि महिन्याभराचा दोष त्या सकाळी बाहेर पडतो. नाव अपडेटचं होतं.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? फोटो काढून पाठवा. मोबाईलवरचा तो एक फोटो अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा कामाचा असतो, कारण शाखा कुठल्या पायरीवर अडली ते त्यातूनच कळतं.

काहीच दिसत नसेल, लोगोसुद्धा नाही, तर शिपाईच आलेला नाही. विंडोजचं महिन्याचं अपडेट या पायरीपर्यंत पोचत नाही. (काही लॅपटॉपना विंडोजमार्फत बायोसचंही अपडेट येतं, तो अपवाद, आणि तो दुकानात न्यायचा प्रकार.) मॉनिटरची केबल बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा. डेस्कटॉप असेल तर वायर काढून रॅमची पट्टी एकदा काढून घट्ट बसवा. पट्टीच्या सोनेरी दातांवर शाळेचा खोडरबर फिरवण्याची आपल्याकडची युक्ती हसण्यावारी नेऊ नका. पावसाळी दमटपणात ती खरंच चालते.

लोगो आला आणि पुढं 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं काही आलं, तर किल्लीवाल्याचा पत्ता चुकलाय. आधी पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर काढा. शिपाई कधीकधी त्यालाच किल्लीवाला समजतो. तारीख भलत्याच वर्षाची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की काही यंत्रांत बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो, डिस्कशी बोलायची पद्धत बदलते, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. इथं फॉरमॅट मारणारे लोक मी पाहिलेत. एका सेलसाठी.

गोल ठिपके फिरत असतील किंवा टक्के अडकले असतील तर थांबा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिचा दिवा लुकलुकत असेल तर मी दोन-तीन तास हात लावत नाही. चहा घ्या, जेवून या. दिवा पूर्ण विझलेला आणि तासभर काही हाललेलं नाही, तरच पुढं जा.

लॉगिन झालं पण पुढं काळा पडदा आणि नुसता बाण दिसतो, हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. शाखा उघडलीय, फक्त खिडकीचा पडदा अडकलाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतो का बघा. उघडला तर नवं टास्क चालवायच्या चौकटीत 'एक्सप्लोरर' असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. डेस्कटॉप समोर येतो.

आणि एक. निळ्या स्क्रीनवर फोन नंबर असेल आणि 'लगेच कॉल करा' असं असेल, तर ती विंडोजची स्क्रीन नव्हेच. खऱ्या स्क्रीनवर फोन नंबर कधी नसतो. ते भामटे.

अठ्ठेचाळीस आकडे

आता तो प्रकार, ज्यात घाई केली तर ठेवी खरोखरच बुडतात. निळी स्क्रीन येते आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, रिकव्हरी की मागते: ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. लोक म्हणतात, "आम्ही असलं काही लावलंच नाही." खरं आहे. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडं असते. ही चिप म्हणजे तिजोरीवरचा असा राखणदार की जो रोजचे चेहरे बघितल्याशिवाय किल्ली देत नाही. अपडेटनं शिपाई किंवा किल्लीवाला बदलला, की राखणदार म्हणतो, हा माणूस मी ओळखत नाही, तुमच्याकडची दुसरी किल्ली दाखवा. दुसरी किल्ली म्हणजे ते ४८ आकडे. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही यंत्रांवर हे विनाकारण झालं होतं आणि मायक्रोसॉफ्टला ऑगस्टमध्ये ते दुरुस्त करावं लागलं.

आकडे कुठं मिळतील? ज्या ईमेलनं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. इथं आपल्याकडची खास अडचण येते. लॅपटॉप घेताना तो लावून दिलेला असतो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं, त्याच्याच ईमेलवर. बाबा येळ्ळूरला, आकडे पुण्याला. मुलाला फोन लावा, त्याच्या मोबाईलवर खातं उघडायला सांगा. स्क्रीनवर की आयडी म्हणून जी अक्षरं दिसतात त्यांची सुरुवात खात्यातल्या आयडीशी जुळवून बघा आणि त्याच्या समोरचे आकडे भरा. मालक दुसराच कुणी असेल, म्हणजे जुना घेतलेला लॅपटॉप, तर त्याला गाठा. आकडे मिळालेच नाहीत तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ते देऊ शकत नाही. डी ड्राइव्हवर पण हेच कुलूप असू शकतं.

दुरुस्तीची खोली

निळी स्क्रीन येऊन यंत्र पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत असेल, तर मॅनेजर आलाय पण एखाद्या कारकुनापाशी अडखळतोय. यासाठी विंडोजनं मागच्या बाजूला एक वेगळी खोली ठेवलीय. दोन-तीनदा चालू होणं फसलं की ती आपोआप उघडते. नाहीच उघडली तर लोगो दिसताक्षणी पॉवरचं बटण १० सेकंद दाबून बंद करा. असं लागोपाठ केलं की तिसऱ्या वेळी दुरुस्तीची स्क्रीन येते. एरवी बटण दाबून बंद करू नका म्हणणारा मी इथं तेच करायला सांगतोय, याची मला कल्पना आहे.

तिथं ट्रबलशूटमध्ये आणि मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा. एकदाच. पाच-पाच वेळा चालवणारे लोक आहेत, त्यानं काही वेगळं होत नाही. खरं काम करतो तो 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. त्यात दोन बटणं दिसतात. क्वालिटी अपडेट म्हणजे महिन्याचं छोटं, फीचर अपडेट म्हणजे वर्षातून एकदा येणारं मोठं. काल रात्री जे आलं असेल ते काढा, बहुतेकदा पहिलंच. मोठं काढायला साधारण १० दिवसांची मुदत असते, नंतर जुनी विंडोज पुसली जाते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ज्यांनी जुन्या यंत्रावर ११ टाकली, त्यांनी ही मुदत ध्यानात ठेवलेली बरी. जुन्या प्रिंटरचे आणि स्कॅनरचे ड्रायव्हर नव्या घरात रुसतात.

त्यानं जमलं नाही तर सेफ मोड. स्टार्टअप सेटिंग्जमधून रिस्टार्ट करून एफ४ दाबलं की विंडोज अगदी मोजक्या माणसांत शाखा उघडते. सेफ मोडमध्ये चालतं आणि एरवी चालत नाही, म्हणजे दोषी नंतर आलेला कुणीतरी आहे: स्क्रीन कार्डाचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, गेल्या आठवड्यात टाकलेलं काहीतरी. ते काढून टाका आणि साधं रिस्टार्ट करा.

ही गोष्ट किती मोठ्या प्रमाणावर खरी ठरली ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठवली. आपल्याकडं सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागं घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनवर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. घरच्या यंत्रांना काही झालं नाही, कारण ते सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एका फोल्डरातली ती फाइल पुसायची आणि रिस्टार्ट करायचं. एवढंच. पण चालू न होणाऱ्या यंत्राला दुरुस्ती लांबून पाठवता येत नाही. माणसाला प्रत्येक यंत्रापुढं जाऊन बसावं लागलं. जिथं बिटलॉकर होतं तिथं आधी ४८ आकडे शोधावे लागले, आणि काही ठिकाणी ते आकडे ज्या सर्व्हरवर ठेवले होते तोच सर्व्हर निळा पडला होता.

इंजिनिअरिंगला जाणारी पोरं एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) दोन्ही ठेवतात. त्यांचा घोळ निराळा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं सुरक्षित बूटचे, म्हणजे ओळखीच्याच किल्लीवाल्याला आत सोडायचे, नियम कडक केले आणि काही जुन्या लिनक्सचा किल्लीवाला दारातच अडवला गेला. 'काहीतरी फार गंभीर बिघडलंय' अशा अर्थाचा संदेश यायचा. तात्पुरता उपाय म्हणजे बायोसमध्ये सुरक्षित बूट बंद करून लिनक्स अद्ययावत करायचं आणि मग ते परत चालू करायचं. लिनक्सचंच अपडेट बिघडलं असेल तर त्याहून सोपं: उबुंटू हा लिनक्सचा प्रकार जुना कर्नल ठेवून देतो, सुरुवातीच्या अॅडव्हान्स्ड यादीतून तो निवडा.

एवढं सगळं करून हरलात तर फॉरमॅट आहेच. पण त्या आधी फायली बाहेर काढा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, नाहीतर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर, ही चार नावं दुरुस्तीवाल्याला कागदावर लिहून द्या. 'कीप माय फाइल्स' म्हणून जो रीसेट असतो तो फायली ठेवतो, सॉफ्टवेअर मात्र काढून टाकतो. श्रीलिपी आणि नुडी पुन्हा घालायची तयारी ठेवूनच त्यावर बोट ठेवा.

गेल्या हंगामात शहापुरातल्या एका ओळखीच्या डीटीपीवाल्याचा असाच फोन आला होता. पत्रिकेची डिलिव्हरी दुपारी दोनची, मांडव परवाचा, आणि समोर बिटलॉकरची निळी स्क्रीन. दारात फॉरमॅट मारायला आलेला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन उभा. त्याला चहाला पाठवलं. डीटीपीवाल्याच्या बहिणीच्या मोबाईलवर खातं निघालं, तिनं बेळगुंदीहून आकडे वाचून दाखवले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा दार उघडलं. क्वालिटी अपडेट काढायला वीस मिनिटं लागली. पत्रिका अडीचला गेली.

परवा गेलो तर त्यानं ते ४८ आकडे ठळक मार्करनं लिहून काउंटरमागच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी चिकटवले होते. गिऱ्हाइकाला बसल्या जागी वाचता येतील असे. "विसरायला नको म्हणून," तो म्हणाला. मी तो कागद काढून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला.